शीटमध्ये क्रॉसओव्हर दिसतो पण चार्टवर नाही : कुठे बिघडलंय ते कसं शोधायचं

गूगल शीट, एक्सेल, लिब्रेऑफिस किंवा पायथनची छोटीशी स्क्रिप्ट घेऊन ५० आणि २०० दिवसांच्या मूव्हिंग ॲव्हरेजचा (मागच्या तेवढ्या दिवसांच्या भावांच्या सरासरीचा) क्रॉसओव्हर, म्हणजे एक सरासरी दुसरीला ओलांडते तो दिवस, शोधणारे आमच्या ओळखीत बरेच जण आहेत, आणि शीट बिघडली की ती फिरत फिरत माझ्याकडे येते. तक्रारी वेगवेगळ्या वाटतात पण मूळ बहुतेक वेळा तेच निघतं, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून ठेवतोय. एनएसईचे शेअर्स आणि डेली चार्ट धरून लिहिलंय.

आधी लक्षणं

- शीट म्हणते आज गोल्डन क्रॉस (५० ची सरासरी २०० च्या वर गेली), आणि चार्ट उघडला तर दोन्ही रेघा अजून लांब लांब.
- क्रॉस दोन्हीकडे आहे पण तारीख चार-सहा दिवस पुढेमागे.
- सकाळी अकराला यादीत असलेलं नाव संध्याकाळी गायब.
- एकाच दिवशी शेकडो शेअर्स एकदम बुलिश.
- रोज तीच तीच नावं, यादी हलतच नाही.
- शेअर बरा चाललाय, वाईट बातमी काही नाही, तरी शीटमध्ये डेथ क्रॉस (५० ची सरासरी २०० च्या खाली गेली).
- किंवा आठवडेच्या आठवडे यादी कोरी.

यातलं काहीही दिसलं की लोक आधी फॉर्म्युला उसकटायला घेतात. माझं म्हणणं उलट आहे. सरासरीचं गणित शाळेतलं आहे, ते सहसा बिघडत नाही, बिघडतात ते त्याच्या खाली बसलेले भाव. त्यामुळे सरासरीच्या कॉलमकडे जायच्या आधी भावाचा कॉलम बघायचा, आणि फुकटात पाच मिनिटांत होणाऱ्या गोष्टी आधी उरकायच्या.

१. घड्याळ बघा

बाजार ९:१५ ते ३:३०. या वेळात शीट चालवली तर आजचा "क्लोज" म्हणून जो आकडा येतो तो क्लोज नसतोच, त्या क्षणाचा भाव असतो, आणि दोन सरासऱ्या अगदी जवळ आल्या असतील तर पाच-दहा रुपयांच्या हालचालीने क्रॉस होतो आणि मोडतो. सकाळी दिसून संध्याकाळी गायब होणारं नाव म्हणजे हेच. संध्याकाळी भावकॉपी (एक्सचेंजची त्या दिवसाच्या भावांची फाइल) आल्यावर शीट चालवा, एवढ्यानेच बऱ्याच जणांचं दुखणं संपतं.

भावकॉपीत "लास्ट" आणि "क्लोज" असे दोन वेगळे कॉलम असतात तेही लक्षात घ्या. लास्ट म्हणजे शेवटचा सौदा. क्लोज म्हणजे वर्षानुवर्षं चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची, किती शेअर्स कुठल्या भावाला गेले त्या वजनाने काढलेली सरासरी. दोन्हीत थोडा फरक पडतो आणि काठावरच्या क्रॉसला तेवढा पुरतो.

२. दोन्हीकडे एकच गोष्ट मोजताय का

चार्टवर ईएमए (नव्या भावाला जास्त वजन देणारी सरासरी) आणि शीटमध्ये साधा एसएमए (सगळ्या दिवसांना सारखं वजन), किंवा चार्ट बीएसईचा आणि शीट एनएसईची, किंवा चार्ट वीकलीवर राहून गेलेला. हे इतकं साधं आहे की कुणी तपासत नाही, आणि मग तासभर फॉर्म्युल्यात डोकं घालून बसतात. चार्टच्या सेटिंगमध्ये जाऊन टाईप, लांबी, कुठल्या भावावर काढलंय आणि कुठला एक्सचेंज, या चार गोष्टी वाचून घ्या.

३. २०० म्हणजे खरंच २०० आहेत का

गूगल शीटवाल्यांची ही सगळ्यात मोठी खोच. गूगलफायनान्स या भाव आणणाऱ्या फंक्शनला "आजपासून २०० दिवस मागे" असं सांगितलं की ते कॅलेंडरचे २०० दिवस धरतं. त्यात शनिवार-रविवार आले, सुट्ट्या आल्या, हातात भाव येतात जेमतेम १३५-१३६ दिवसांचे. त्या सगळ्यांची सरासरी काढून वर "२०० डीएमए" (२०० दिवसांची मूव्हिंग ॲव्हरेज) लिहिलं तर ती १३६ दिवसांची सरासरी आहे, आणि ती २०० वाल्यापेक्षा लवकर वळणार, म्हणजे क्रॉस चार्टपेक्षा वेगळ्याच दिवशी दाखवणार. २०० सेशनला (बाजार चालू असलेल्या दिवसांना) कॅलेंडरचे साधारण दहा महिने लागतात. मी सरळ ४०० दिवस मागवतो आणि त्यातले शेवटचे २०१ घेतो. २०१ अशासाठी की कालची सरासरीसुद्धा लागते, क्रॉस झाला हे कालच्याशिवाय कळणारच नाही.

तपासायला सोपं आहे. सरासरीच्या शेजारच्या खान्यात त्याच रेंजवर काउंट फंक्शन लावा. ५० आणि २०० येत नसेल तर पुढचं काही बघूच नका, आधी हे नीट करा.

मधले दिवस गळलेत का तेही इथेच पाहून घ्या. १ फेब्रुवारी २०२५ ला शनिवार होता पण बजेटमुळे बाजार पूर्ण वेळ चालू होता. २१ ऑक्टोबर २०२५ ला लक्ष्मीपूजनाचं मुहूर्त ट्रेडिंग दुपारी पावणेदोन ते पावणेतीन झालं, तासाभराचंच, पण चार्ट तो एक पूर्ण दिवस धरतो. "शनिवार-रविवार आणि सुट्ट्या वगळा" असा नियम लावलेल्या शीटमध्ये हे दिवस नसतात.

४. अट "वर आहे" ची की "वर गेली" ची

रोज तीच नावं येत असतील तर इथे या. ५० ची सरासरी २०० च्या वर आहे, एवढंच विचारलं तर तेजीतला प्रत्येक शेअर महिनोन् महिने यादीत बसून राहणार. क्रॉसओव्हर ही घटना आहे, ती एकाच दिवशी होते. म्हणून अट दोन भागांत हवी : आज ५० वाली २०० वालीपेक्षा मोठी, आणि काल ती लहान किंवा बरोबर होती. "किंवा बरोबर" विसरू नका, कमी भावाच्या शेअरमध्ये दोन दशांशांपर्यंत राउंड केलेल्या सरासऱ्या एखाद्या दिवशी नेमक्या सारख्या येतात आणि तेवढ्यासाठी खरा क्रॉस सुटतो. अजून चांगलं म्हणजे सरासरी राउंड करूच नका, दिसायला दोन दशांश ठेवा, आत पूर्ण आकडा राहू द्या.

अ‍ॅमीब्रोकरवाल्यांना हा त्रास नाही, चार्टच्या त्या सॉफ्टवेअरमधलं क्रॉस फंक्शन फक्त ओलांडलं त्या दिवशीच हो म्हणतं.

याच्याच जोडीला तारखांचा क्रम. काही ठिकाणाहून डेटा नवीन तारीख वर आणि जुनी खाली असा येतो. फॉर्म्युला जुनी वर धरून लिहिला असेल तर "काल" च्या जागी "उद्या" वाचला जातो, आणि गोल्डन क्रॉसच्या जागी डेथ क्रॉस मिळतो. जुनी तारीख वर अशी सॉर्ट करा.

५. आकडा दिसतोय पण आकडा आहे का

भाव "१,९६४.१०" असा स्वल्पविरामासकट कॉपी-पेस्ट झाला की कित्येकदा तो मजकूर म्हणून बसतो. ॲव्हरेज फंक्शन रेंजमधला मजकूर गुपचूप सोडून देतं, एरर येत नाही, काही नाही, ५० ची सरासरी ४७ आकड्यांवर निघते. वरचं काउंट इथेही पकडून देतं. डोळ्यांनी बघायचं तर कॉलमची अलाइनमेंट काढून टाका, खरे आकडे उजवीकडे जातात आणि मजकूर डावीकडे चिकटून राहतो.

तारखांचंही तसंच. कॉम्प्युटरचं सेटिंग अमेरिकन असेल तर ०५-०८-२०२५ म्हणजे ५ ऑगस्ट न राहता ८ मे होतो, आणि १३-०८-२०२५ ला तेरावा महिना नसल्याने तो मजकूर म्हणून पडून राहतो. मग सॉर्ट केलं की भाव इकडचे तिकडे. गूगल शीटमध्ये फाइलच्या सेटिंगमधून लोकेल भारत करा.

आता ते शेकडो शेअर्स एकदम बुलिश होण्याचं प्रकरण. एका शीटमध्ये गूगलफायनान्सचे खूप कॉल टाकले की काही खाने "लोडिंग" वर अडकतात नाहीतर एन/ए देतात. ते लाल एरर बघवत नाहीत म्हणून लोक इफएरर लावून तिथे शून्य आणतात. झालं, २०० ची सरासरी शून्य आणि ५० ची त्याच्या वर. इफएररमध्ये शून्य कधीच देऊ नका, रिकामा मजकूरही नको (तुलनेत मजकूर आकड्यापेक्षा मोठा ठरतो आणि वेगळाच घोळ होतो), एरर तशीच दिसू द्या. एरर दिसली तर तुम्ही थांबता, शून्य दिसलं तर तुम्ही ऑर्डर टाकता.

६. बोनस आणि स्प्लिट

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा, कारण इथली चूक शीट पूर्ण बरोबर दिसत असताना होते.

भावकॉपीतले जुने भाव त्या दिवशी जे होते तेच राहतात, नंतर बोनस आला म्हणून कुणी ते मागे जाऊन बदलत नाही. चार्टवाले मात्र जुने भाव ॲडजस्ट करून दाखवतात. एचडीएफसी बँकेचं बघा. १:१ बोनस, एक्स-डेट (ज्या दिवसापासून भाव बोनसनंतरचा धरला जातो) २६ ऑगस्ट २०२५. आदल्या दिवशी १९६० च्या घरात असलेला भाव २६ ला ९७० च्या घरात, आणि यात कुणाचं एक रुपयाचं नुकसान नाही, शेअर्स दुप्पट झाले. पण भावकॉपी एकाखाली एक चिकटवून बनवलेल्या शीटला वाटतं बँक अर्ध्यावर आली.

पुढे काय होतं ते नीट समजून घ्या. भावात साधारण ९८५ रुपयांची खोटी घट आहे. ५० ची सरासरी त्यामुळे रोज ९८५ भागिले ५०, म्हणजे जवळपास २० रुपये खाली येते. २०० ची रोज ९८५ भागिले २००, जवळपास ५ रुपये. दोघींमधलं अंतर दिवसाला पंधरा रुपयांच्या आसपास कमी होत जातं. समजा ५० वाली १२० रुपयांनी वर होती, तर आठ-नऊ सेशननंतर खोटा डेथ क्रॉस. म्हणजे बोनसच्या दिवशी काहीच दिसत नाही, जवळपास दोन आठवड्यांनी सिग्नल येतो, तोवर बोनस सगळे विसरलेले असतात, आणि माणूस कारण बातम्यांमध्ये शोधत बसतो. आणि ही घाण २०० सेशन, म्हणजे जवळजवळ दहा महिने, त्या सरासरीत राहते.

उपाय : एक कॉलम वाढवा, आजचा क्लोज भागिले कालचा क्लोज. ०.८ च्या खाली किंवा १.२ च्या वर काहीही आलं की खाना लाल. ज्या शेअर्समध्ये फ्युचर-ऑप्शन नाहीत त्यांना जास्तीत जास्त २० टक्क्यांचं सर्किट (एका दिवसातल्या चढउताराची मर्यादा) असतं, तिथे यापेक्षा मोठी उडी दिसली तर जवळपास नेहमी कॉर्पोरेट ॲक्शन (बोनस, स्प्लिट वगैरे) किंवा खराब डेटाच निघतो. पण एफ अँड ओ (फ्युचर-ऑप्शन) वाल्यांना असं ठराविक सर्किट नाही. इंडसइंड बँक ११ मार्च २०२५ ला एका दिवसात जवळपास २७ टक्के पडली होती, ती पडझड खरी होती, ती ॲडजस्ट करायची नाही. म्हणून लाल खाना दिसला की आपोआप भागाकार नको, एक्सचेंजच्या साइटवर कॉर्पोरेट ॲक्शनच्या यादीत जाऊन खात्री करा आणि मगच हात लावा.

भागाकार कसा : १:१ बोनस असेल तर एक्स-डेटच्या आधीचे सगळे भाव भागिले २. दोन शेअर्सवर एक असा बोनस असेल तर जुने भाव गुणिले २ भागिले ३. स्प्लिटमध्ये दर्शनी किंमत १० ची २ झाली तर भागिले ५.

आणि तारीख एक्स-डेटच घ्या, रेकॉर्ड डेट (बोनस कुणाला मिळणार ते ज्या तारखेच्या नोंदीवरून ठरतं ती) नाही. वरच्याच उदाहरणात रेकॉर्ड डेट २७ ऑगस्ट होती, त्या दिवशी गणेश चतुर्थीची सुट्टी. ज्यांनी "२७ च्या आधीचं सगळं अर्धं" असं केलं त्यांचा २६ चा आधीच अर्धा झालेला भाव पुन्हा अर्धा होऊन ४८७ च्या आसपास बसला. एकच खाना चुकीचा, पण ५० च्या सरासरीत तो जवळपास दहा रुपयांची चूक घालतो आणि ती पुढचे ५० सेशन तिथेच राहते.

याहूची फाइल वापरत असाल तर तिथला क्लोज स्प्लिट-बोनससाठी ॲडजस्ट केलेला असतो, आणि ॲडजस्टेड क्लोजमध्ये डिव्हिडंडही वजा केलेला असतो. बहुतेक चार्ट आपणहून डिव्हिडंड वजा करत नाहीत. कोल इंडियासारख्या भरपूर डिव्हिडंड देणाऱ्या शेअरमध्ये या दोन कॉलमच्या सरासऱ्या वेगळ्या निघतात आणि क्रॉसची तारीख सरकते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त मिसळू नका.

७. नाव बदललं, फाइल बदलली

एप्रिल २०२५ मध्ये झोमॅटोचा सिम्बॉल (एक्सचेंजवरचं छोटं नाव) इटर्नल झाला. जुन्या सिम्बॉलवर शोधणाऱ्या शीटमध्ये भाव तिथेच गोठतो आणि नवीन नावाला इतिहास नसतो. आयएसआयएन नंबरवर (प्रत्येक शेअरचा ओळख क्रमांक) जोडणी केली तर नाव बदललं तरी धागा तुटत नाही, पण दर्शनी किंमत बदलली की आयएसआयएनसुद्धा बदलतो, तेव्हा जुन्या-नव्याचा एक छोटा तक्ता हाताने ठेवावाच लागतो.

भावकॉपीचा फॉरमॅट जुलै २०२४ मध्ये बदलला, कॉलमची नावं आणि क्रम दोन्ही. "सहावा कॉलम म्हणजे क्लोज" असं लिहिलेल्या जुन्या स्क्रिप्ट त्यानंतर भलतंच वाचतात. कॉलम नेहमी नावाने उचला. आणि सिरीज ईक्यू (साधे शेअर्स) असलेल्या ओळीच घ्या, कारण फायनान्स कंपन्यांचे एनसीडी (कर्जरोखे) त्याच सिम्बॉलखाली वेगळ्या सिरीजमध्ये असतात आणि व्हीलुकअप पहिली जी ओळ सापडेल ती उचलतं.

८. ईएमए वापरत असाल तर

ईएमएला सुरुवातीचा एक आकडा लागतो आणि त्याचं वजन हळूहळू विरतं. २०० चा ईएमए रोज नव्या भावाला २ भागिले २०१, साधारण एक टक्का वजन देतो. म्हणजे २०० सेशन झाल्यावरही त्या सुरुवातीच्या आकड्याचं वजन साडेतेरा टक्के शिल्लक असतं. ६०० सेशननंतर ते पाव टक्क्यावर येतं. म्हणून चार्टशी जुळवायचं तर निदान तीन पट इतिहास द्या, वर्षभराच्या डेटावर २०० चा ईएमए जुळणार नाही. पायथनमध्ये पांडासचं ईडब्ल्यूएम वापरत असाल तर ॲडजस्ट हा पर्याय फॉल्स करा, तो मुळात ट्रू असतो आणि चार्टवाल्यांचं सूत्र फॉल्सवालं आहे.

इथपर्यंत येऊनही जुळत नसेल तर लांबी छोटी करून बघा. ५० आणि २०० च्या जागी ३ आणि ५ टाका, चार्टवरही तेच टाका, आणि कॅल्क्युलेटर घेऊन दहा ओळी हाताने काढा. छोट्या लांबीत जुळलं आणि मोठ्या लांबीत नाही, तर फॉर्म्युला ठीक आहे आणि दोष जुन्या डेटात कुठेतरी आहे. छोट्यातही नाही जुळलं तर फॉर्म्युला, बहुतेक करून डॉलरचं चिन्ह चुकीच्या जागी लागून रेंज एकाच ठिकाणी अडकलेली.

९. बिघाड नसलेला बिघाड

शीट आणि चार्ट दोन्हीकडे क्रॉस, चार दिवसांत उलटा क्रॉस, परत सुलटा. हे शीटचं दुखणं नाही. शेअर आडवा चालला की दोन्ही सरासऱ्या एकमेकींना चिकटून चालतात आणि असं होतंच. दोघींमध्ये निदान अर्धा-एक टक्का अंतर पडल्याशिवाय यादीत घेऊ नका अशी अट घालता येते, मात्र मग खरा सिग्नलही उशिरा मिळतो. सरासरी मुळातच मागच्या भावांची असते, ती भाव हलल्यानंतरच हलणार, कुठल्याही फॉर्म्युल्याने हे बदलत नाही.

इथे थांबा

डीमर्जर (कंपनीचा एखादा धंदा वेगळी कंपनी होणं) आलं की मी स्वतः हाताने दुरुस्ती करत नाही. टाटा मोटर्स १३ ऑक्टोबर २०२५ ला ६६० च्या आसपास बंद झाला आणि व्यावसायिक वाहनांचा धंदा वेगळा झाल्यावर दुसऱ्या दिवशी ४०० च्या आसपास. इथे १:१ सारखा सरळ आकडा नाही, प्रत्येक डेटा देणारा आपापल्या पद्धतीने जुने भाव ॲडजस्ट करतो, काही करतच नाहीत, त्यामुळे दोन चार्टसुद्धा एकमेकांशी जुळत नाहीत. असे शेअर्स यादीतून २०० सेशन बाजूला ठेवा, आणि ते हवेच असतील तर एक्सचेंजने मान्यता दिलेल्या डेटा व्हेंडरकडून ॲडजस्ट केलेला डेटा विकत घ्या. शंभरेक शेअर्सचा दहा वर्षांचा इतिहास घरी बसून दुरुस्त करणंही त्यातलंच, वेळ जातो आणि चूक राहिली की कळत नाही.

शीटवरून आपोआप ऑर्डर जाणार असेल तर वरचं सगळं तपासून झाल्याशिवाय ते बंदच ठेवा आणि आपल्या ब्रोकरच्या एपीआय (शीट ब्रोकरशी जोडायची सोय) सपोर्टशी बोला. रिटेल अल्गोसाठी (सामान्य गुंतवणूकदारांच्या आपोआप जाणाऱ्या ऑर्डरसाठी) सेबीचं ४ फेब्रुवारी २०२५ चं परिपत्रक आहे, काय चालतं काय नाही ते त्यांच्याकडूनच समजून घ्यायचं, ग्रुपवर विचारून नाही. आणि क्रॉस बरोबर आलाय, आता घ्यायचा का विकायचा आणि किती, हा प्रश्न शीट दुरुस्त करणाऱ्याला विचारू नका. सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार गाठा, त्याचा नोंदणी नंबर सेबीच्या साइटवर स्वतः टाकून बघा. घरातली साठवलेली रक्कम लागणार असेल तर हे टाळूच नका.

शीट कुणाला दाखवायची असेल तर एवढं सोबत पाठवा : शेअरचं नाव आणि सिम्बॉल, कुठल्या तारखेचा क्रॉस जुळत नाही, त्या तारखेच्या आधीच्या दहा ओळी, ५० आणि २०० या दोन्ही रेंजवरचा काउंट, डेटा कुठून घेतला, आणि सेटिंग दिसेल असा चार्टचा स्क्रीनशॉट. नुसता "चुकतंय" असा मेसेज आला की हेच सगळं परत मागावं लागतं आणि त्यात दोन दिवस जातात.